घोळणा, कांदा आणि दहा मिनिटं

हिर्डोशी, ४ फेब्रुवारी २०२५
॥ जानाई प्रसन्न ॥

ती. प्रेरणावन्संना वर्षाराणीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आपल्या शेफालीचं रक्त लवकर थांबत नाही, तो जन्मापासूनचा आजार आहे, हे आणि रक्त आलं की काय करायचं ते पुण्याच्या डॉक्टरांनी लेखी दिलंय. तो कागद मी शाळेत तीनदा दिला. तरी काल घोळणा फुटला तर बाईंनी तिला आडवी केली, मान मागं टाकली नि नाकाला कांदा लावला. पोर रक्त गिळून घरी येऊन ओकली. बाई म्हणतात, उन्हाचं आहे, सब्जा द्या. हितं अजून सकाळी शाल लागते, ऊन कुठलं?

वर मुख्याध्यापक इंद्रजित गुरुजी म्हणतात, काही झाल्यास शाळा जबाबदार नाही असं पंधरा दिवसांत लिहून द्या, नाहीतर मुलगी घरी ठेवा. तिसरीतली पोर घरी ठेवून काय शेळ्यांमागं धाडू? तुम्ही तीस वर्षं शिकवलंत. या मास्तर लोकांना समजवायचं कसं, तेवढं सांगा.

लोभ आहेच, तो उत्तरात दिसू द्या.
तुमची भावजय,
वर्षाराणी

वेल्हे, ९ फेब्रुवारी

चि. सौ. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद.

कांद्याचं वाचून हसले, मग हसू जिरलं. तीस वर्षं मीही कांदाच लावला. माझ्या वर्गात सोनिया नावाची मुलगी होती. सारखं नाक गळायचं, फ्रॉकवर डाग. कवायत चुकवायचं सोंग म्हणून मी तिला उन्हात उभी केली होती. तिलाही शेफालीसारखंच होतं का, हे आता तिला विचारायला तोंड नाही.

लिहून काही देऊ नकोस. मास्तर कागद फायलीला लावतो, वाचत नाही. त्याला करून दाखवावं लागतं. मी १८ तारखेच्या एसटीनं येते. बोलायचं मात्र तूच. मी तोंड उघडलं की भाषण होतं.

माया आहे तशीच राहू दे.
प्रेरणा

हिर्डोशी, २२ फेब्रुवारी
॥ जानाई प्रसन्न ॥

ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आलात त्या दिवशी सगळ्या शाळेपुढं इंद्रजित गुरुजींना खुर्चीत बसवून, मान पुढं वाकवून मी त्यांचं नाक धरलं, ते आठवून अजून लाज वाटते. दोनच मिनिटांत सोडा म्हणाले, तर तुम्ही घड्याळ दाखवून पुरती दहा करवलीत!

काल शेफालीचा घोळणा पुन्हा फुटला. गुरुजींनी स्वतः तिला बसवलं, पुढं वाकवलं, नाक चिमटीत धरलं. तेवढ्यात बाई कांदा घेऊन धावल्या. गुरुजी लई चिडले, धरलेल्या नाकानं पोर हुंगणार कशी म्हणाले. बाई थांबलं का बघू म्हणाल्या, तरी गुरुजींनी दहा मिनिटं नाक सोडलं नाही. रक्त थांबलं. मला निरोप आला तोवर पोर खिचडी खात होती. कांदा खिचडीत गेला म्हणे. लिहून द्यायचं कुणी बोललं नाही. डॉक्टरांचा कागद फायलीतून निघून फळ्याशेजारी लागलाय.

आता तुमचं. ती सोनिया कुठं दिली ते शोधा. तिलाही हाच आजार असला नि बाळंतपण व्हायचं असेल, तर रक्त थांबायचं नाही, हे तिला आधी कळायला हवं. विचारायला तोंड नसेल, तर पत्र लिहा.

रागावलात तरी चालेल, लोभ कमी करू नका.
वर्षाराणी