रस्त्याकडची पट्टी आणि दोरीचं डावं टोक

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्रेपन्न, व्यवसाय वर्तमानपत्रात फुटबॉलवर आणि फुटबॉल चालवणाऱ्यांवर दर आठवड्याला तिरकं लिहिणे, राहणार मैदानालगतच्या घरात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाविना आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. फुटबॉल महासंघाचं याबाबत वेगळं मत आहे. पण त्यांचा दाखला कोणी मागितलेला नाही.

येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाले, "काळजी करू नका, आमचं रोजचंच काम आहे." मी म्हणालो, "तुमचं रोजचं असेल, माझं पहिलंच आहे." म्हणून हा कागद. पूर्वी केलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. पूर्वी एकही केलेलं नाही, परंतु वकीलबाई म्हणतात की हे वाक्य लागतंच.

घर, पुस्तकं, जुनी भांडणं यांची वाटणी सोपी आहे. अवघड आहे ते मैदान. ते कलम ५ आणि ६ मध्ये येईल. घाई असणाऱ्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, थेट तिकडे जावं. तो तसंही जाणारच.

कलम १. राहतं घर माझ्या कैलासवासी थोरल्या बंधूंच्या पत्नीस, म्हणजे वहिनींना. खालचा मजला त्यांच्याकडे आहेच, आता वरचाही. वरच्या न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो. वहिनींना ते ठाऊक आहे. त्यांच्यानंतर येणाऱ्यांनी आंघोळीपूर्वी हे कलम वाचावं.

कलम २. बँकेतली माझी सगळी शिल्लक वहिनींनी शेजारच्या मैदानावर उभ्या केलेल्या फुटबॉल क्लबाला. त्यातून चषक, स्वागतकमानी, शाली आणि फलक यांवर एक छदामही खर्च होऊ नये. सगळा पैसा सर्वांत लहान मुलांना शिकवणाऱ्यांच्या शिक्षणासाठी आहे.

याला कारण आहे. मागे वर्तमानपत्राने मला एका चिमुकल्या, थंड देशात पाठवलं होतं. लोकसंख्या अशी की आपल्याकडे एका लग्नात मावेल, आणि तरी त्यांचा संघ भल्याभल्यांना घाम फोडत होता. मी तिथल्या मोठ्या स्टेडियमवर लिहावं अशी संपादकांची अपेक्षा. मी मात्र एका शाळेमागच्या मैदानावर अडकलो. तिथे सहा-सहा वर्षांच्या पोरांना शिकवत होता त्या गावातला सर्वांत जास्त शिकलेला प्रशिक्षक. मी विचारलं, "मग मोठ्यांना कोण शिकवतं?" तो म्हणाला, "मोठ्यांना कोणीही शिकवेल. ते निदान ऐकतात तरी."

आपल्याकडे नेमकं उलटं. सर्वांत लहान पोरं त्याच्या हवाली, ज्याला त्या दिवशी दुसरं काम नसतं.

परत आल्यावर मी हे वहिनींना रंगवून सांगितलं. वहिनी शाळेत भूगोल शिकवायच्या. वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही लिहा. मी शिकून येते." आणि वयाच्या चाळिशीत, पंचवीस पुरुषांच्या वर्गात एकट्या बसून, त्या प्रशिक्षकाची परीक्षा देऊन आल्या. मी त्यावर लेख लिहिला. लेख दुसऱ्या दिवशी रद्दीत गेला. वहिनींचा वर्ग अजून चालू आहे.

कलम ३. किरकोळ देणग्या.

अ) महासंघाच्या अध्यक्षांस माझी दुर्बीण. स्टेडियममधल्या सोफ्यांच्या खोलीतून त्यांना दहा वर्षांची मुलं दिसत नाहीत, अशी माझी जुनी तक्रार आहे.

आ) ज्या लीगने परदेशातून पिकली पानं आणून आपली हिरवी पानं बाकावर बसवली, त्या लीगच्या व्यवस्थापकांस माझं घड्याळ. ते दिसायला झकास आहे, फक्त चालत नाही.

इ) कुंपणापलीकडच्या निवृत्त मास्तरांस माझी आरामखुर्ची. त्यांच्या अंगणात गेलेला बॉल त्यांनी कधी परत दिला नाही. दरवेळी "पुन्हा आला तर कापून टाकीन" म्हणत आत ठेवला. परवा त्यांच्या सुनेने सांगितलं की ते सगळे बॉल त्यांनी पंक्चर काढून, हवा भरून, माळ्यावर रांगेत ठेवलेत. देताना कोणी बघेल म्हणून दिले नाहीत, इतकंच. खुर्चीचं तोंड मैदानाकडे असावं, ही अट.

कलम ४. दोरी. ही क्लबाची आहे, माझी नव्हे. पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वहिनींनी पहिला सामना ठेवला तेव्हा आईबापच मैदानात शिरले. एकाने पोराची कॉलर धरून त्याला गोलकडे वळवलं. दुसऱ्याची आणि पंचांची जुंपली. वहिनी तडक घरात आल्या, थोरल्या बंधूंचे ओले शर्ट उतरवून कपडे वाळत घालायची दोरी सोडली, आणि ती मैदानाच्या कडेने सगळ्या पालकांच्या हातात दिली. "दोन्ही हातांनी धरायची. ही मैदानाची रेघ. तुम्ही हललात की रेघ हलेल."

तेव्हापासून लहानांच्या सामन्यात चुन्याची रेघ नाही, आईबापांनी धरलेली दोरी असते. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे बोट दाखवता येत नाही. कोणी ओरडलं की दोरीला हिसका बसतो, पोरं खेळ थांबवून वळतात आणि कोणाचा बाप आहे ते बघून खो-खो हसतात. सामना संपल्यावर दोरी खाली ठेवून दोन्ही संघांसाठी टाळ्या. बारा वर्षांखाली गोल मोजत नाहीत. प्रत्येक मूल प्रत्येक जागी खेळतं, गोलातसुद्धा. मी आयुष्यभर लोकांची चेष्टा करून पोट भरलं, पण या दोरीची चेष्टा करायला मला आजवर एक वाक्य सुचलेलं नाही.

माझ्या धाकट्या भावाने ही दोरी एकदाच धरली होती. त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, तेव्हा जेमतेम सहाची. तिने समोर मोकळा गोल असताना मैत्रिणीला पास दिला. हा गरजला, "अगं पास काय देतेस, मार!" आणि भरात दोरी अशी ओढली की सगळे आईबाप ओळीने मैदानात आडवे. पुतणी खाली बसून पोट धरून हसली. भाऊ कपडे झटकून निघून गेला, तो पुन्हा आला नाही.

पुढे त्याने तिला राजधानीतल्या बड्या अकादमीच्या निवड चाचणीला नेलं. तिथे तिची उंची मोजली, वजन मोजलं, खरं वय कळावं म्हणून मनगटाचं हाड तपासलं. बॉल मात्र दिला नाही. भोंग्यावरून नाव पुकारून सांगितलं, "उंची कमी, नेऊ शकता." दहा वर्षांच्या पोरीला. ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी एकटीच सायकल मारत वहिनींकडे. वहिनींनी उंचीचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "आज तू गोलात. हातमोजे घाल."

आज ती क्लबाच्या पहिल्या संघात मधल्या फळीत खेळते. उंची अजूनही कमीच आहे. पण तिच्या पायाखालून बॉल काढायला गेलेल्या दोन उंच बायका एकमेकींवर आपटताना मी स्वतः पाहिल्या आहेत.

कलम ५. मैदान. वडिलांनी वाटणी केली तेव्हा थोरल्याला घर, धाकट्याला बाजारातलं दुकान आणि मला हे खडकाळ रान आलं. पुढे थोरल्याने आजारपणात घर मला विकलं आणि मी त्याला हलू दिलं नाही, हा वेगळा विषय. धाकटा वाटणीच्या वेळी हसून म्हणाला होता, "दादा, दगड मोजत बस." ते दगड क्लबाच्या मुलांनी वेचले. हे मैदान मी क्लबाला कायमचं देतो.

कारण सांगतो. सकाळी दोरीच्या आत खेळणारी पोरगी दुपारी त्याच गवतावर पहिल्या संघाला देशाच्या लीगमध्ये खेळताना बघते. तिचा आदर्श टीव्हीत नसतो, शेजारच्या गल्लीत राहतो, आणि त्याच्याकडून बॉलमध्ये हवा भरायचा पंप मागून आणता येतो. मी चार देश पाहिले. जिथे फुटबॉल खरंच रुजलाय तिथे हेच पाहिलं: लहान पोरगं आणि मोठा संघ यांच्यामधली शिडी कुठेही तुटलेली नाही. गावच्या क्लबाचा पोरगा मोठा होऊन गेला तर त्याचं श्रेय, आणि चार पैसे, उलट गावापर्यंत पोचतात. आपल्याकडे शिडीच्या वरच्या पायरीला सोन्याचा मुलामा देतात आणि खालच्या पायऱ्या सरपणाला काढतात.

कलम ६. आणि हे दुखणं. वडील जाताना माझा हात धरून म्हणाले होते, "रस्ता आला, तर रस्त्याकडची पट्टी धाकट्याला दे. दुकानं निघतील." तेव्हा रस्त्याचा पत्ता नव्हता. मी हो म्हणालो. आता रस्ता आलाय. भावाचं फरशीचं दुकान तिथे हलवायचा नकाशाही तयार आहे.

त्या पट्टीवर दक्षिणेकडचा गोल उभा आहे. ती गेली तर मैदान आखूड होतं, आणि पूर्ण मापाचं मैदान नसेल तर लीग क्लबाचं नाव काढून टाकते. पहिला संघ गेला की शिडीचं वरचं टोक हवेत.

मी वकीलबाईंना विचारलं, "यातून काही पळवाट?"

त्या म्हणाल्या, "तोंडी शब्दाला कायद्यात किंमत नाही. देऊ नका."

"कायद्यात नाही हो," मी म्हणालो, "पण मी तर दिलाय ना."

वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मामंजींना दिलेला शब्द मोडून केलेल्या मैदानावर मी पोरांना काय शिकवू? द्या. बघू पुढचं पुढे."

म्हणून रस्त्याकडची पट्टी मी माझ्या धाकट्या भावास देतो. कोणतीही अट नाही. या मृत्युपत्रातली कोणतीही देणगी काही कारणाने रद्द झाली, तर ती मैदानाबरोबर क्लबाला जावी.

कलम ७. मी गेल्यास सामना पुढे ढकलू नये. मैदानावर दोन मिनिटं शांत उभं राहू नये. दहा वर्षांखालच्या मुलांना ते जमत नाही आणि मलाही कधी जमलं नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

सहीपूर्वीची पुरवणी. वरचं सगळं आज सकाळी वकीलबाईंनी मोठ्याने वाचलं. भाऊ बोलावल्याशिवायच हजर होता. एक साक्षीदार, निवृत्त पंच, वेळेवर आले. दुसरे, कोपऱ्यावरचे औषधवाले, दुकानात गर्दी म्हणून अडकले. वकीलबाई म्हणाल्या, "दुसरा कोणीही चालेल, फक्त ज्याला यातून काही मिळतंय तो नको. तो साक्षीला बसला तर त्याची देणगी रद्द होते."

तेवढ्यात बाहेरून वहिनींची हाक आली, "धाकटे भाऊजी, रिकामे आहात ना? दोरीचं डावं टोक धरा जरा, एका बाळाची आई आली नाहीये!"

तो कुरकुरत गेला. मी खिडकीतून बघत होतो. त्याची मुलगी शिट्टी घेऊन लहानग्यांची पंच झाली होती. एका चिमुरडीने मोकळा गोल सोडून मैत्रिणीला पास दिला. भावाचं तोंड उघडलं. दोरी किंचित हलली. पुतणीने मान वळवून बापाकडे पाहिलं आणि भुवई उडवली. त्याने तोंड मिटलं. दोरी पुन्हा ताठ झाली, आणि सामना संपेपर्यंत तशीच राहिली.

तो आत आला तेव्हा तळहातांवर दोरीचे वळ होते. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "साक्षीदार मिळाला का?"

वकीलबाई घाबरल्या. "अहो, तुम्हाला चालणार नाही! मघाशी सांगितलं ना, तुमची पट्टी जाईल."

"कान आहेत मला," तो म्हणाला. "दादाने त्याचा शब्द पाळला. बाबांनी त्याला द्यायला सांगितलं होतं, मला घ्यायला नव्हतं सांगितलं. पेन द्या."

मी हे लिहितोय आणि तो समोर बसून म्हणतोय, "किती लिहितोस रे? सर्जनच्या आधी शाई संपेल." माझ्या हृदयाची झडप बदलायचीच आहे, पण आज ती बरी चाललीय असं वाटतं.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला समजला आणि मान्य आहे म्हणून खालील दोघांच्या देखत सही करतो.

ठिकाण: मैदानालगतचं घर, वरचा मजला.
दिनांक: हंगामातला पहिला रविवार, लहानांचा सामना आटोपल्यावर.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिले: निवृत्त पंच. (सही. शिट्टीचा शिक्का उमटवू का, असं विचारत होते, नको म्हटलं.)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाराचा धाकटा भाऊ, व्यवसाय फरशीविक्री. (सही. खाली त्याच्याच अक्षरात: "पट्टी नको. रविवारी दोरीचं डावं टोक माझं, ते कुणाला देऊ नये.")