औषधातला गूळ

पेडगाव,
कार्तिक वद्य तृतीया, शके १८६५

तीर्थस्वरूप शिवमूर्तीदादांस,
धाकटी बहीण महानंदा हिचा शरणार्थ नमस्कार. इकडे कापूस वेचणीला आला आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. वहिनींनी हैदराबादेहून पाठवलेल्या बांगड्या मला लहान पडतात, पण त्यांना सांगू नका.

तुम्ही तिकडे वैद्यांना दाखवलंत तेव्हापासून अप्पांच्या मधुमेहाचं पथ्य मी पाळते आहे. सकाळी कारल्याचा रस, भिजवलेली मेथी, दिवसातून तीनदा जांभळाच्या बियांची पूड. बिया मीच वाळवल्या, कुटल्या, वस्त्रगाळ केल्या. साखर-गूळ बंद. दिवाळीत शेजारच्या धुरपताबाईंनी करंज्यांचं ताट आणलं, ते दारातूनच परत पाठवलं. बाई अजून फुगून बसल्या आहेत.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की अप्पांच्या लघवीला मुंग्या लागणं कमी झालं. ते खोटं होतं. मुंग्या तशाच लागत होत्या, पायाच्या बोटांची जखमही भरत नव्हती. तुम्हाला काळजी नको म्हणून लिहिलं असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे मला शाबासकी हवी होती.

परवा अप्पांना परभणीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, पूड कशातून देता? मी म्हटलं, गुळातून, गोळी वळून. दादा, आपल्या घरी कडू औषध गुळाशिवाय कुणी कधी घेतलंय का? सोमवारच्या उपासालासुद्धा अव्वा आपल्या लेकरांना औषध गुळातून द्यायची. औषधातल्या गुळानं उपास मोडत नाही, म्हणायची. मी तेच धरून चालले. जेवणातला गूळ बंद केला, औषधातला मला गूळ वाटलाच नाही. रोज तीन गोळ्या, चांगल्या बोराएवढ्या, पाच महिने.

डॉक्टर रागावले नाहीत. पायाची दोन बोटं काढावी लागतील, एवढंच म्हणाले. येत्या गुरुवारी.

परतताना बैलगाडीत मला रडू आवरेना. तेव्हा अप्पा म्हणाले, "रडू नगं. मला ठावं हुतं. वैद्यानं माझ्याच म्होरं गूळ बंद सांगितला हुता. पर तू इतक्या मायेनं गोळ्या वळायली हुतीस, आन मला बी लय गोड लागायल्या हुत्या. शिवमूर्तीला कळवू नगंस, तुलाच बोल लावंल."

आता पूड नुसत्या पाण्यातून देते. ते गिळतात आणि तोंड उघडून मला दाखवतात. मला ते बघवत नाही.

गुरुवारच्या आत या. बोल लावायचा तो मला लावा, पण अप्पांच्या समोर नको. मी तुम्हाला काही कळवलं नाही, असं त्यांना वाटतं.

अप्पांना गोड औषध देणारी,
तुमची महानंदा