रिकाम्या पोटी ऐकलेली हाक

१६ मार्च
पोहोचलो एकदाचा! गोठलेल्या समुद्रावरून गाडी चालली होती, खाली बर्फ करकरत होता आणि चालवणारा रूडी आरामात शीळ घालत होता. महिन्याभरात बर्फ जाईल, मग पहिल्या बोटीने माझी बायको लेलो येईल. सहावा महिना लागलाय तिला. तोवर बेटावर उतरणारे पक्षी मोजायचे, वहीत लिहायचे. असल्या कामाचा पगार मिळतो यावर तार्तू शहरातल्या माझ्या सासऱ्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

घरमालकीण हेल्यूमावशी माझ्या उशाशी काळ्या पावाचा तुकडा ठेवतात. तो खाल्ल्याशिवाय सकाळी उंबरा ओलांडायचा नाही. रिकाम्या पोटी वसंतातल्या पक्ष्याची पहिली हाक ऐकली की तो पक्षी माणसाला फसवतो म्हणे. पाणबुड्या पक्ष्याने फसवलं तर हातून वर्षभर भांडी फुटतात. "शिकलेल्यांच्या हातून जरा जास्तच," असंही वर ऐकवलं.

२ एप्रिल
बर्फाला भेगा पडल्या. दोनशे चौदा हंस! लांबशेपट्या बदकांचा तर लग्नघरासारखा कलकलाट. मावशींचा पाव मी परत आल्यावर चहाबरोबर खातो. त्यांना कशाला सांगा?

५ एप्रिल
धुक्यात पाणबुड्या ओरडला, यंदाचा पहिला. इतका आनंद झाला की न्याहारीला मावशींना सगळं सांगून बसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सूर्य मावळायच्या आत स्वतःच्या हाताने आपलं लाडकं भांडं फोड, म्हणजे पक्षी तेवढ्यावर सोडेल. माझ्याकडे एकच, लेलोने रंगवून दिलेला कप. तो काय म्हणून फोडू? नाही फोडला.

८ एप्रिल
दुर्बीण फुटली. नुसती उचलली होती, बोटं आपोआप आवळली गेली. काचा तळव्यात घुसल्या. दुखलं नाही. बरं वाटलं. याची मला लाज वाटते.

१० एप्रिल
बर्फाच्या फटीत एक बदक अडकलं होतं. सोडवायला गेलो. हाडं कडकड मोडली. मग त्याच्या शेजारचं. मग — एकूण सात. मी मोजली. मोजणं माझं काम आहे.

१२ एप्रिल
रूडीने चेष्टेत हात पुढे केला. "काय साहेब, किती कपबश्या झाल्या?" मी हात मिळवला. त्याच्या मनगटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. तो किंचाळत होता, मी सोडत नव्हतो. मावशींनी कुऱ्हाडीचा दांडा माझ्या खांद्यात घातला, तेव्हा सुटला.
कप आता फोडू का, विचारलं. म्हणाल्या, वेळ गेली रे बाबा.

१४ एप्रिल
बर्फ गेला. बोट उद्या. लेलोला येऊ नको म्हणायला फोन उचलला, त्याचा चुरा झाला; घरात तो एकच. मावशींना म्हटलं, मला मासळीच्या कोठारात कोंडा. तिला धक्क्यावरूनच परत धाडा. कोंडलं त्यांनी. रडत होत्या.

१५ एप्रिल
लिहीत राहायचं. हात गुंतलेला राहतो. डाव्या हातावर बसलोय. ही चौथी पेन्सिल.

बाहेर लेलो. भांडतेय. "माझ्या नवऱ्याला कोंडता? शरम नाही वाटत?" मावशी विनवतायत. लेलो ऐकणारी नव्हेच —

कडी निघाली. जा म्हणून ओरडलो. हसली. म्हणते, वेडोबा, वही ठेव ती. जवळ बसलीय. बाळ लाथा मारतंय म्हणते. डावा हात ओढून काढलाय माझा, पोटावर ठेवतेय — लेलो, नको — बघ, म्हणते, इथे, जरा दाबून