बरोबरीचे चिंचोके

लोणावळा,
९ डिसेंबर २०२४

रतनबाईंना निवृत्तीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? इकडं सगळं ठीक. थंडी चांगली पडलीय. शनिवारी बंगल्यावर मुंबईचं मोठं बिऱ्हाड उतरलं होतं. तुमच्या जागी आलेल्या स्वयंपाक्यानं पिठल्यात साखर घातली आणि पाहुण्यांनी वाहवा केली. मी घास गिळला न् वर तांब्याभर पाणी प्यालो.

फोन करावा तर तेजल तो मोठ्या आवाजावर ठेवते, आणि तुमच्या लेकीसमोर मी हवापाण्यावरच घसरतो. म्हणून लिहायला बसलो.

आधी भांडण. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशीचा पोकरचा डाव माझ्या डोक्यातून जात नाही. मधे पाच पानं उघडी होती, त्यांत दोन एक्के, एक नव्वी, बाकी दोन बारकी. माझ्या हातात एक्का-राजा. तीन एक्के झाले म्हणून मी फुगलो आणि दहा चिंचोके पुढं सरकवले. तुमच्या हातात एक्का आणि नव्वी. म्हणजे तीन एक्के, वर नव्व्यांची जोडी. त्या डावात त्याच्यावर काही निघूच शकत नव्हतं. आणि तुम्ही काय केलंत? नुसते बरोबरीचे दहा टाकलेत आणि पानं उघडलीत.

"वाढवलं का न्हाई?" मी विचारलं.

"जिंकले की."

"मी अजून वीस दिले असते."

"घरच्या मानसाकडनं किती घेयाचं, निवृत्तीराव?"

अहो, पोकरमध्ये हेच तर खरं कसब. पाहुण्यांच्या मागं उभा राहून, कप उचलता उचलता मी ते शिकलो, आणि तुम्हाला मात्र शिकवता आलं नाही. खरं तर तुम्हाला शिकवायची गरजच नव्हती. पंगतीत तुमच्यासारखा आग्रह कोण करतं? नुसतं "घ्या की" म्हटलं तर माणूस लाजून अर्धपोटी उठतो. चार पोळ्या एकदम वाढायला गेलं तर पानावर हात आडवा धरतो. तुम्ही त्याचं तोंड बघता, "अर्धीच वाढते" म्हणता, आणि तो ती खातो, मग उरलेली अर्धीही खातो. पत्त्यांतही तसंच. आपलं पान भारी आहे एवढ्यानं भागत नाही. समोरच्याच्या हातातही कायतरी हवं, आणि त्याला झेपेल तेवढंच मागायचं. त्याच्याकडं काहीच नसेल तर कितीही थोडं मागा, तो पत्ते टाकून उठणार.

एवढं शहाणपण सांगून झालं. आता पुढचं.

चिंचोके डब्यात भरता भरता तुम्ही म्हणालात, "महिनाअखेर खोली सोडावी म्हंते. तेजल उद्या न्यायला येतीय, तिच्या गावाला, नवलाख उंबऱ्याला. म्हंती कायमचीच चल." आणि माझ्याकडं बघत राहिलात. मी काय म्हणालो? "तुमची मर्जी." दुसऱ्या दिवशी तुमची पिशवी रिक्षात ठेवली आणि रिक्षावाल्याला खड्डे चुकवून ने म्हणालो. तेवढंच तोंडून निघालं.

काल तुमची घरमालकीण नंदाबाई चढ चढून वर बंगल्यावर आली. "रतनची खोली रिकामी व्हनार ना? शनवार-रईवारला लावीन म्हंते. पर्यटक लय देत्यात."

"मला काय विचारता?" मी म्हणालो.

"मग कुनाला विचारू? दुपारचं कोन कुटं बसतंय ते सगळ्या गल्लीला ठावं हाय."

मी झाडू घेतला आणि झाडलेलंच अंगण झाडत बसलो.

परवा तेजल फोनवर सहज बोलून गेली. आई दुपारी पत्ते काढून बसते, एकटीच, पण पानं दोन जागी वाटते. मला इतके दिवस वाटत होतं, तुमच्या हातात माझ्यासारखं कुठलंच पान नसेल, तुम्ही तिकडं सुखात असाल. आणि हे कळल्यावरही मी तिला विचारलं काय, तर तिकडं नळाला पाणी किती वेळ येतं. फोन ठेवला आणि स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

तर आता मागतो. मनात फार मोठं आहे, पण ते आज लिहिलं तर तुम्ही घाबराल. शिमग्यापर्यंत खोली सोडू नका. एवढंच. त्यानंतरही जावंसं वाटलं तर सामान मी स्वतः टेम्पोत भरून देईन. बंगल्याचा चढ तुमच्या गुडघ्याला नको. मीच खाली येईन पत्ते घेऊन. बंगल्याच्या मागच्या पडवीत लपून बसणं पुरे झालं. तुमच्या ओट्यावर बसू, रस्त्याच्या तोंडाला. नंदाबाई बघेल, अख्खी गल्ली बघेल. या वयात आणखी किती भ्यायचं?

तेजलला हे पत्र वाचून दाखवा. तिच्या मनात काही आलं तर माझ्याशी बोलू द्या, मी टाळणार नाही.

जमत नसेल तर तसं कळवा, मी रागावणार नाही, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. रागावेन, आणि नवलाख उंबऱ्याला येऊन रागावेन.

तुमचा,
निवृत्ती