रिकामा गेलेला डबा

सोलापूर

सौ. सुंदरम्मास शरणार्थ, आणि आपल्या मैंदर्गीच्या उंबऱ्यालाही.

आज रक्त देताना कानात शाळेतला कवितेचा तास घुमला. आम्ही पोरं एका सुरात ओरडायचो आणि शेजारच्या कन्नड शाळेच्या ओट्यावरून तू हसायचीस. सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही बघ.

पूनम आणि जावई जीव लावतात. मऊ भात जातो. तुझी शेंगाचटणी मात्र नुसती हुंगतो. कापून उरलेल्या एवढ्याशा पोटाला ती सोसत नाही. शेळी व्याली का? गुडघ्याला तेल लावतेस ना?

कॅन्सर पुन्हा डोकं वर काढतोय का, ते डॉक्टर रक्तातल्या एका खुणेवरून ताडतात. तिचा आकडा सोमवारी वाढलेला निघाला. फोनवर सांगवेना, म्हणून लिहितोय. "किती दिवस माझे?" असं विचारलं, तर म्हणाले, "आजोबा, एका आकड्यावरून आयुष्य सांगता येत नाही. पुन्हा तपासू." आजचं रक्त त्यासाठीच.

सोमवारीच तुझा डबा एसटीनं परत धाडला. आपल्याकडं डबा रिकामा जात नाही, चिमूटभर साखर तरी असते. त्या दिवशी भान राहिलं नाही. वावगं मनात आणू नकोस.

अंगणातली बाज, आणि शेजारी तू. फार आठवण येते.

तुझाच,
शिवप्पा

ता. क. पाकीट शोधत होतो, तोच कडी वाजली. दारात तू, हातात तोच डबा! "रिकामा डबा कदी धाडला व्हता का तुमी? मला कळत न्हाय व्हय?" आता आत पूनमशी बोलतेयस. पत्र घडी करून डब्यातच ठेवतो.