राजीनामा लिहून दे

खासगी बाजार, ग्वाल्हेर

प्रिय यशश्री,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट बाजूला ठेवशील. ठेव, पण फाडू नकोस. दोन वर्षं मी तुझ्यावर रुसून बसले होते. न सांगता, न भेटता सातारा गाठलास, माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाहीस, याचा राग होता. आता तो राग कुठे ठेवावा समजत नाही, कारण चूक माझी होती.

आई बरी आहे. गुडघे थकलेत, जीभ नाही. वरची खोली तिने तुझ्यानंतर कुणाला दिली नाही. तुझ्याशी बोलताना समोर येऊन, ओठ नीट हलवून बोलायची तिला इतकी सवय झाली की भाजीवाल्याशीही अजून तशीच बोलते. परवा तो म्हणाला, "अम्माजी, मैं बहरा थोड़े ही हूँ." मी हसले, आणि मग तू आठवलीस.

तुला कारखान्यात मीच आणलं. वेगवेगळ्या माणसांना कंपनीने सामावून कसं घ्यावं, त्यांच्याशी आणि त्यांच्याविषयी कसं बोलावं, कसं लिहावं, हे सांगायचा माझा व्यवसाय. तेव्हा सल्लागार म्हणून मी नवीन होते, आणि ऐकू न येणारी इंजिनियर मुलगी कामावर घ्या, हा माझा पहिला सल्ला त्यांनी मानला होता. मी मिरवत होते गं तुला. तुझं मागणं तरी केवढं? सकाळच्या मीटिंगमध्ये जे ठरेल ते फळ्यावर लिहा, एवढंच. सगळे माना फिरवून भराभर हिंदीत बोलणार, तू ओठ वाचणार तरी कुणाकुणाचे? शेवटी टोपी बाजारातून पांढरा फळा तूच विकत आणलास. तो भिंतीला टेकून पडून राहिला. आणि एके दिवशी तुझ्या साहेबांनी, विक्रमसिंहांनी, भर मीटिंगमध्ये तुझ्या आवाजाची नक्कल केली. तुला फक्त हसणारे चेहरे दिसले. काय झालं ते शेजारी बसणाऱ्या गरिमाने नंतर कागदावर लिहून दाखवलं.

तू लेखी तक्रार केलीस, आणि ती मिटवायला कंपनीने मला बोलावलं. विक्रमसिंह माझ्यापुढे नरमले. "गलती हो गई मैडम, माफ़ी माँग लूँगा," म्हणाले. फळा लावायचंही कबूल केलं. मला हायसं वाटलं, आणि तिथूनच घाईघाईत तुला मेसेज केला: 'यशू, तू राजीनामा लिहून दे. विषय इथेच संपेल. सगळ्यांच्याच भल्याचं आहे.' तुझं उत्तर आलं, 'ताई, तुम्ही सांगताय तर देते.' मी खुशीत घरी आले.

तू ते कसं वाचलं असशील हे मला गेल्या आठवड्यात कळलं. पुण्याची माझी मावसबहीण वनमाला आली होती. तुझे मेसेज तिला दाखवत होते. बघ, माझं ऐकते म्हणाली आणि निघून गेली, अशी माझी तक्रार. वनमालाने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, अगं, तूच तर तिला नोकरी सोडायला सांगितलंस.

माझे बाबा इथल्या कोर्टात वकील होते. इथे राजीनामा म्हणजे समझोता, दोन्ही बाजू राजी झाल्या की लिहून देतात तो कागद. 'आज दोघा भावांचा राजीनामा करवला,' म्हणत बाबा घरी यायचे ते पेढे घेऊनच. नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफा. तुझी बातमीही मला त्याच शब्दात कळली: "उन्होंने इस्तीफ़ा दे दिया." मराठी पेपरात मंत्री राजीनामे देतात हे काय मला माहीत नव्हतं? पण हात घरचा शब्द लिहून गेला. दुसऱ्या कुणाला फोन केला असता, तर लगेच उलगडा झाला असता. तुला फोन करता येत नाही म्हणून लिहिलं. शब्द जपून वापरा हे शिकवायला लोक मला बोलावतात, यशू.

तरी सगळं शब्दावर ढकलून मी मोकळी होणार नाही. मला अपेक्षित होता तोच अर्थ तू घेतला असतास, तरी मी तुला तक्रार मागेच घ्यायला सांगत होते. भल्याचं कुणाच्या? माझ्या पहिल्या मोठ्या कामाला गालबोट नको होतं. मेसेज करण्याआधी तुला एकदा भेटावं, तुला काय हवंय ते विचारावं, एवढंही मला सुचलं नाही. फार लाज वाटते गं.

आता हे पत्र का, ते सांगते. सर्वांना सामावून घेतल्याबद्दल कंपनीला पारितोषिक मिळणार आहे, आणि त्यांच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तुझा फोटो हवाय, हेल्मेट घातलेला, हसरा. त्यासाठी तुझी संमतीची सही मिळवायचं काम माझ्याकडे आलं. "आपकी तो बेटी जैसी थी," विक्रमसिंह म्हणाले. तो संमतीचा कागद मी सोबत ठेवलेला नाही. ठेवलंय ते माझ्या सहीचं निवेदन: यशश्री आपणहून गेली नाही, माझ्या सांगण्यावरून गेली, आणि तिची नक्कल केल्याचं विक्रमसिंहांनी माझ्यासमोर कबूल केलं होतं. एक प्रत काल कंपनीच्या प्रमुखांच्या हातात देऊन आले. तक्रार पुन्हा उघडायची असेल तर मी साक्षीला उभी राहीन. नसेल उघडायची, तर निवेदन फाडून टाक. या वेळी काय करावं ते मी तुला सांगणार नाही.

तू मानलंस तर तुझीच,
सीमंतिनी