किशोर विभागाला घर देण्याची अट

मी, खाली सही करणारी, कवळ्या बनवणाऱ्या कारागिराची विधवा, वय एकोणऐंशी, आज जे सांगते आहे ते पूर्ण शुद्धीत, कोणाच्या भरीला न पडता आणि कोणाची भीड न बाळगता सांगते आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांचा दाखला कोणी मागितला नाही, नाहीतर पंचाईत होती. हात थरथरतो म्हणून मी सांगते आहे आणि दुसरी बाई लिहिते आहे. मी जे बोलेन आणि लिहीत असताना माझ्यासमोर जे बोलले जाईल ते सगळे उतरवायचे, अशी तिला ताकीद आहे. वकीलसाहेब समोरच बसले आहेत. त्यांचे म्हणणे, मृत्युपत्रात इतके पाल्हाळ नसते. त्यांचे म्हणणे मी ऐकून घेतले. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

लिहिणाऱ्या बाईला गल्लीत सगळे पेन्सिलवाली म्हणतात. शाळेत असताना ती केसांच्या गाठीत पेन्सिल खोचून हिंडायची. आता पस्तिशी उलटली तरी खोचते. नगरपालिकेच्या वाचनालयातला किशोर विभाग ती चालवते. गेली बरीच वर्षे मला दवाखान्यात नेणे, औषधे आणणे, जाड अक्षरांची पुस्तके बदलून देणे हे सगळे तीच करते. मी तिला कधी बोलावले नाही. येऊ नकोस असेही म्हटले नाही.

१. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा अधूनमधून येतो आणि बोलता बोलता भिंतींवर टिचक्या मारून पाहतो, किती पोकळ झाल्या ते. दुकानाच्या काचेच्या कपाटात नमुन्यादाखल ठेवलेला कवळीचा जोड त्याला द्यावा. त्याचा माझ्यावर दात आहे हे मला ठाऊक आहे. आता अख्खा जबडा होईल.

२. बँकेत जे आहे त्यातून माझ्या मागचा खर्च करावा आणि उरेल ते शेजारच्या शिंप्याला द्यावे. इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही ‘कशा आहात’ म्हणून विचारले नाही. असा माणूस मिळायला भाग्य लागते.

३. पॉलिशचे यंत्र, मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा आणि प्लास्टरचे साचे वजनावर भंगारात काढावेत. दंतवैद्यकाच्या कॉलेजने मागितले तरी देऊ नयेत. ही हत्यारे माझी थोरली बहीण वापरत असे. दुसऱ्या कोणाच्या हातात ती मला बघवणार नाहीत. मी तेव्हा बघायला नसेन, एवढे मला कळते.

४. थोरलीचे सांगितल्याशिवाय घराचे सांगता येत नाही, म्हणून आधी तिचे.

माझे यजमान तरुण असताना थोरलीला मागणी घालायला आमच्या घरी आले आणि चहा संपायच्या आत मला मागून गेले. आतल्या खोलीत ते वडिलांना म्हणाले, “थोरलीचे दात पुढे आहेत. उद्या गिऱ्हाईक म्हणेल, याला घरचे दात सुधारता आले नाहीत, हा माझे काय सुधारणार?” वडिलांना हसू आले. मला माणूस आवडला होता. थोरलीला आम्ही सांगितले की मुलाच्या छातीत दोष निघाला, म्हणून आपणच नकार कळवला. वर्षभराने दोष बरा झाला आणि माझे लग्न झाले.

आईवडील गेल्यावर थोरली आमच्याकडे आली ती कायमची. यजमान तोंडाचे माप घेत, थोरली मेणात दात बसवी आणि पॉलिश करी, मी गल्ल्यावर बसे. तिच्या हातची कवळी कोणाच्या हिरडीला कधी लागली नाही. स्वतः हसताना मात्र ती तोंडावर हात धरायची. आमचे ते खोटेही चांगल्या कवळीसारखेच होते. नीट बसले होते, कोणाला टोचत नव्हते. ते काढून धुवायची कोणाला गरज नव्हती.

यजमान गेले त्याच्या पुढच्या वर्षी वाचनालयाने किशोरांसाठी नवा उपक्रम काढला. तेरा ते सतरा वयाची मुले, म्हणजे हातपाय वाढलेले आणि अक्कल वाटेत असलेली. ती इतर वेळी तळघरातल्या खोलीत भित्तिपत्रक काढत, फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालत, एकमेकांना गोष्टी वाचून दाखवत. त्या वर्षी ग्रंथपालबाईंनी त्यांना जुन्या कारागिरांकडे पाठवले. एकेकाने एकेका दुकानात बसायचे, कारागिराचे आयुष्य ऐकायचे आणि शेवटी वाचनाच्या दालनात त्याचे छोटे नाटक करायचे. घड्याळजीकडे एक मुलगा गेला. माझ्याकडे ही पेन्सिलवाली आली.

मुलगी ऐकणारी होती. समोर स्टुलावर बसून अशी बघायची की माणसाच्या तोंडून निघून जावे. मला मूलबाळ नाही. मागणीच्या दिवसाची हकिकत मी तिला सांगितली, दातांसकट. “हे कुठे बोलायचं नाही,” असे बजावले. “नाही बोलणार, मावशी,” ती म्हणाली.

नाटकाला थोरली आणि मी पहिल्या रांगेत होतो. एका मुलाने मिशी लावली होती. एक मुलगी तोंडात पुढे आलेले खोटे दात बसवून आली. ती दिसताच दालनात खसखस पिकली. मिशीवाल्याने ते वाक्य म्हटले, घरचे दात सुधारता आले नाहीत ते, आणि लोक पोट धरून हसले. आमची गिऱ्हाइके होती त्यात. आमच्याच कवळ्या घालून हसत होती. मग छातीतल्या दोषाचे आले, त्यालाही हसले. मी मान वळवून थोरलीकडे पाहिले. तीही हसत होती, आणि हात मांडीवर होते.

घरी आल्यावर मला दातखीळ बसल्यासारखे झाले. थोरली म्हणाली, “चहा ठेवू का?” दुसऱ्या दिवशी तिने आपली गादी दुकानाच्या पोटमाळ्यावर नेली. त्यानंतर सहा वर्षे ती जगली. रोज खाली येई, यजमानांमागे मापही तीच घेई, काम करी आणि माझ्याशी फक्त कामाचे बोले. “वरचा जबडा झाला. खालचा उद्या.” शेवटच्या आजारातही तिने पाणी मागितले ते नर्सकडे, मी उशाशी बसलेली असताना.

५. आता घर. दुकानासह हे राहते घर मी नगरपालिकेच्या वाचनालयाला, फक्त किशोर विभागासाठी देते. तळघरातली त्यांची खोली वाहने उभी करायला काढून घेतली जाणार आहे. दुसरी जागा नाही, म्हणून विभाग बंद करायचे ठरते आहे. घरी थारा नसलेली काही मुले शाळा सुटली की तिथेच येऊन बसतात, असे पेन्सिलवालीनेच मला सांगितले आहे. जागेसाठी तिने कचेरीत सगळ्यांपुढे दातांच्या कण्या केल्या, तेही मला ठाऊक आहे. पुढच्या दुकानात वाचनाची खोली करावी. पोटमाळ्यावर कोणी बसू नये.

अट अशी. पेन्सिलवालीने किशोर विभागाचे पद सोडावे आणि या घरात पुन्हा पाऊल टाकू नये, पाहुणी म्हणूनही नाही. माझ्यामागे महिन्याभरात हे झाले नाही, तर घर पुतण्याला जाईल आणि तो त्याचे गोदाम करील.

इथे लिहिणारीचा हात थांबला. मी म्हटले, “लिही.”

वकीलसाहेब म्हणाले, “बाई, घर द्यायचं नसेल तर देऊ नका. हे कशाला?”

मी सांगितले, “दिलं नाही तर ती चार दिवस रडेल आणि मोकळी होईल. देऊन तिला बाहेर ठेवलं, की रोज समोरच्या फुटपाथवरून जाताना आत दिवा दिसेल, मुलं दिसतील. मला हवं आहे ते हे.”

लिहिणारीने ते लिहिले. मग पेन खाली ठेवून ती म्हणाली, “मावशी, मला एक सांगायचंय. नाटकात होतं ते तुम्ही सांगितलेलं नव्हतं.”

“मग काय स्वप्नात पडलं तुला?”

“मोठ्या मावशींनी सांगितलं. तुम्ही सांगितलंत त्याच्या आधी. मागणीच्या दिवशी त्या दाराआडच होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. तुमचं लग्न व्हायच्या आधीपासून त्यांना माहीत होतं. मला म्हणाल्या, ती मला कधी सांगणार नाही आणि मला तिला विचारता येत नाही. एकदा सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे, तू हे नाटकात घाल. ते दातही त्यांनीच मेणात लावून दिले होते. मी म्हटलं, लोक हसतील. तर म्हणाल्या, हसू देत, मला बघायचंय ती हसते का.”

मी हसले नव्हते.

“इतकी वर्षं गप्प का बसलीस?” मी विचारले.

“कोणाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या. त्या गेल्यावर सांगणार होते, पण तुम्ही अशा खचून बसला होतात. मला वाटलं, माझ्यावर राग धरलात तर निदान त्यांच्यावर धरणार नाही.”

“आणि आज बरं तोंड फुटलं. घर जाताना दिसलं म्हणून?”

“घर मला मिळणारच नव्हतं, मावशी. साक्षीदाराच्या नावाने काही ठेवलं तर ते टिकत नाही, हे वकीलसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं. तरी तुम्ही मला साक्षीदार केलंत, तेव्हाच कळलं.”

मी पाणी मागितले. तिने उठून दिले. वकीलसाहेबांनी विचारले, “मग पाचवं कलम बदलायचं ना?”

ती थापा मारत असेल असे वाटून पाहिले, पण थोरलीचे बोलणे मला ओळखू येते. ती हसते का, हे वाक्य तिचेच. मेलेल्या माणसाचे काही बिघडवता येत नाही. तिला मी पोटमाळ्यावरून खाली बोलावू शकत नाही, तिचे काही काढून घेऊ शकत नाही, तिला दाराबाहेर उभी करू शकत नाही. हाताशी ही एकच आहे.

मी सांगितले, “कलम तसंच राहील. लिही.”

तिने लिहिले.

६. किशोर विभागाने जिवंत माणसांच्या हकिकती ऐकण्याचा उपक्रम या घरात कधीही घेऊ नये. पुस्तके वाचावीत. पुस्तकांतल्या माणसांना बहिणी नसतात, असल्या तरी त्या पहिल्या रांगेत येऊन बसत नाहीत.

७. माझ्या अंत्यविधीला वाचनालयाच्या मुलांना आणू नये. रडायची सक्ती झाली की त्या वयात हसू येते.

याखेरीज मला कोणाला काही द्यायचे नाही आणि कोणाकडून काही घ्यायचे राहिलेले नाही. हा मजकूर मला पहिल्यापासून वाचून दाखवण्यात आला. पाचवे कलम वाचताना वाचणारीचा आवाज जसा होता तसाच राहिला. “काही खोडायचं आहे का?” असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “एका ठिकाणी ‘तळघर’ चुकलं होतं, ते नीट केलं.” मजकूर मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करते.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: अठरा, शनिवार, दुपार.

सही: मृत्युपत्र करणारी. (सही वाकडी असली तरी माझीच आहे.)

साक्षीदार पहिला: वकील. सही माझ्यासमोर झाली. मी कलम बदलण्याचा सल्ला दिला होता, याची नोंद असावी.

साक्षीदार दुसरी, व लिहिणारी: सही माझ्यासमोर झाली. सांगितलेला एकही शब्द गाळलेला नाही. हुद्दा: माजी प्रमुख, किशोर विभाग.